नटाचं दान आणि सरकारचं देणं

३ ऑगस्ट २०२५ ला चेन्नईत एक सोहळा झाला. तमिळ अभिनेता सूर्याने २००६ मध्ये काढलेल्या 'अगरम फाउंडेशन'च्या 'विदै' उपक्रमाला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. सरकारी शाळेतून बारावी झालेली, घरात आधी कुणीही कॉलेजची पायरी न चढलेली मुलं-मुली निवडायची आणि त्यांना पदवीपर्यंत न्यायचं, हे विदैचं काम. पंधरा वर्षांत सहा हजारांहून अधिक जण या वाटेने पुढे गेले. त्यांतले ५१ डॉक्टर झाले, १८०० इंजिनिअर झाले. सोहळ्याला कमल हासन होते. माजी विद्यार्थी आपापल्या घरची हकीकत सांगत होते आणि ती ऐकताना सूर्याचे डोळे भरून येत होते.

त्या दिवसाचे व्हिडिओ तमिळनाडूबाहेरही भराभर पसरले. सांगली जिल्ह्यातल्या एका घरात ते गौरी-गणपतीच्या दिवसांत पाहिले गेले. चेन्नईत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा भाचा सुटीवर आला होता. त्याने मोबाइल आत्याच्या हातात दिला. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"मुलं छान बोलतात रे. भाषा कळली नाही तरी चेहरे कळतात," त्या म्हणाल्या. "पण मला सांग, यांच्याकडे अर्ज किती येतात?"

"दरवर्षी हजारो."

"आणि घेतात किती?"

"सरासरी काढली तर वर्षाला चारशेच्या आसपास."

"मग उरलेली मुलं कुठल्या व्यासपीठावर बोलणार?"

वाद इथून सुरू झाला आणि जेवणं झाल्यावरही चालू राहिला. आत्यांचा प्रश्न कुणाला कडवट वाटेल. पण नोकरीतली सगळी वर्षं ज्या बाईने शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तलाठ्याकडे पिटाळलं आणि यादीत नाव न आलेल्या मुलाची समजूत काढली, तिला निवड झालेल्या मुलाच्या आधी राहिलेला मुलगा दिसणार. तिची नजर त्या कामाने घडवलेली आहे.

भाच्याला हा हिशेब मान्य नव्हता. "आत्या, ज्या चारशे जणांचं झालं त्यांचं तर झालं ना? त्यांच्या घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं. त्याच्या मागची भावंडं आता आपोआप शिकणार. ही सहा हजार मुलं नाहीत, सहा हजार घरं आहेत."

"घरं आहेत, मान्य. पण शिक्षण ही कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायची गोष्ट आहे का? उद्या त्या नटाचे चार सिनेमे पडले तर? नव्या मुलांनी काय करायचं? शाळा-कॉलेज हे सरकारचं देणं आहे. ते वसूल करायचं सोडून आपण नटाला हार घालत बसलो, तर देणं बुडवणाऱ्याला बरंच आहे."

"सरकारचं देणं कुठे थांबतं, तेही बघ. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला एप्रिल २०१० मध्ये. त्यात सहा ते चौदा वर्षं. चौदा पूर्ण झाली की कायद्याने हात सोडला. विदै सुरू झाली तीही २०१० मध्येच, आणि ती हात धरते बारावीनंतर. कायदा जिथे संपतो त्याच्या पुढे ती उभी आहे."

हा मुद्दा आत्यांना लागला असावा, कारण त्या काही क्षण गप्प बसल्या. त्यांच्या शाळेतून सातवी होऊन गेलेली मुलं पुढे कुठे गेली याचा कागद कुठल्याच दप्तरात नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाच्याने मग अगरमची पद्धत सांगितली. त्याच्या ऑफिसातली काही मंडळी तिथे स्वयंसेवक म्हणून जातात. अर्ज आल्यावर नुसते गुण आणि दाखले पाहून निवड होत नाही. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातात. छप्पर कसलं आहे, कमावणारं कोण, आजारी कोण, मुलगी शिकायला बाहेर पडली तर घरातला कुठला भार कुणावर पडणार, हे सगळं बसून विचारतात. मग कॉलेजं. अनेक खासगी महाविद्यालयांनी अगरमच्या मुलांसाठी विनाशुल्क जागा देऊ केल्या आहेत. राहण्याजेवण्याची सोय संस्था बघते. इंग्रजीचे आणि चारचौघांत बोलण्याचे वर्ग होतात. प्रत्येक मुलामागे विचारपूस करणारं एखादं मोठं माणूस असतं. आधी शिकून गेलेली मुलं आता स्वतः देणगी देतात, नव्या मुलांच्या घरभेटींना जातात.

"घरी जातात?" आत्यांनी पुन्हा विचारलं. "प्रत्येकाच्या?"

"छाननीत पुढे आलेल्यांच्या. खेड्यापाड्यांत, डोंगरावरच्या वस्त्यांवरही."

आत्यांनी मान हलवली. दाखल्यावरचं उत्पन्न आणि घरातलं उत्पन्न यांतला फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता. खोट्या दाखल्याने शिष्यवृत्ती घेणारे त्यांनी पाहिले होते, आणि खरा दाखला वेळेत न मिळाल्याने हुकलेलेही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण अगरम एका माणसाच्या लहरीतून उभी राहिलेली नाही. सूर्याचे वडील शिवकुमार हेही तमिळ पडद्यावरचे मोठे नट. जन्म १९४१ चा, कोइम्बतूर भागातल्या एका खेड्यातला. वडील अगदी लहानपणी गेले, आईने राबून वाढवलं. मद्रासला आले ते चित्रकला शिकायला; १९६५ मध्ये सिनेमात आले. १९७९ मध्ये त्यांचा शंभरावा चित्रपट आला आणि त्या सुमारास त्यांनी स्वतःच्या नावाने एक शिक्षण न्यास काढला. बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या गरीब मुलांना दरवर्षी बोलवायचं, रोख बक्षीस द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा. रक्कम फार मोठी नव्हती, पण वर्ष चुकलं नाही. सूर्या आणि त्याचा धाकटा भाऊ, अभिनेता कार्ती, हे बघत मोठे झाले. सूर्याने सिनेमात येण्याआधी कपड्यांच्या कारखान्यात नोकरी केली होती. पुढे अगरम उभी करताना त्याच्याबरोबर होता ज्ञानवेल, त्या वेळचा पत्रकार आणि नंतर 'जय भीम'चा दिग्दर्शक. बक्षीस दिल्यावर हे मूल पुढच्या चार वर्षांत जगणार कसं, या प्रश्नाने वडिलांच्या न्यासातून मुलाची संस्था निघाली.

पैशाचं म्हणाल तर तोही उघड आहे. 'जय भीम' प्रदर्शित होण्याच्या तोंडावर, १ नोव्हेंबर २०२१ ला, सूर्या आणि त्याची पत्नी ज्योतिका यांनी इरुळर आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपये मुख्यमंत्री स्टालिन यांच्या उपस्थितीत सुपूर्द केले. मे २०२५ मध्ये 'रेट्रो' या चित्रपटाच्या नफ्यातले दहा कोटी सूर्याने अगरमला दिले. पण एवढी मुलं फक्त त्याच्या खिशातून शिकत नाहीत. देशातून आणि परदेशातून तमिळ माणसं छोट्या-मोठ्या रकमा पाठवतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संस्थेची खरी ताकद त्या रकमांत आहे. मोठ्या माणसाचा दहा कोटींचा धनादेश बातमी होतो. शे-दोनशे माणसं दरमहा न चुकता पैसे देतात तेव्हा मेसचं बिल भागतं.

आत्या आता वेगळ्या बाजूने आल्या. "तो कन्नड नट गेला ना अचानक? पुनीत?"

पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हृदयविकाराने गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. बंगळुरूत लाखो लोक रडले. जाताना डोळे देऊन गेला, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला रांगा लागल्या. तो किती मुलांची फी भरत होता याच्या गोष्टी त्याच्या जाण्यानंतर पसरल्या. हयातीत त्याने त्यांची वाच्यता होऊ दिली नव्हती. दोनच दिवसांत तमिळ अभिनेता विशालने एका कार्यक्रमात जाहीर केलं की, पुनीत ज्या १८०० मुलांच्या शिक्षणाचा खर्च करत होता त्यांची जबाबदारी मी घेतो.

"माणूस सोन्यासारखा होता, मला शंका नाही," आत्या म्हणाल्या. "आणि विशालचंही मन मोठं. पण तू विचार कर. शेकडो मुलांचं शिक्षण एका माणसाच्या काळजाच्या ठोक्यावर चालू होतं. ठोका थांबला, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी माइकवर येऊन 'मी घेतो' म्हणावं लागलं. समजा कुणी आलंच नसतं तर? मुलाने पेपर वाचून कळून घ्यायचं का, की आता आपली फी कोण भरणार?"

भाच्याने यावर उलट उत्तर दिलं नाही. त्याने फक्त एवढं सांगितलं की त्याच घराण्याची दुसरी बाजूही आहे. मैसुरूची 'शक्तिधाम' ही संस्था राजकुमार आणि पार्वतम्मा या पुनीतच्या आईवडिलांच्या पुढाकारातून उभी राहिली. आधी अडचणीतल्या स्त्रियांना आसरा, मग मुलींचं शिक्षण. राजकुमार २००६ मध्ये गेले, पार्वतम्मा २०१७ मध्ये, पुनीत २०२१ मध्ये. शक्तिधाम चालू आहे. सून गीता शिवराजकुमार आज तिचं काम पाहतात.

"म्हणजे तूच माझं म्हणणं सिद्ध केलंस," आत्या म्हणाल्या. "जे गुपचूप केलं त्याने माणूस थोर ठरला. जे संस्थेत घातलं ते मुलींच्या उपयोगी पडत राहिलं."

गुप्तदानाला आपल्याकडे फार मान आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. पण शिक्षण म्हणजे एकवेळचं जेवण नव्हे. पहिलीतल्या मुलाला पंधरा वर्षं कुणीतरी लागतं, आणि पंधरा वर्षांची जबाबदारी गुप्त ठेवून चालत नाही. तिला वहीखातं लागतं, विश्वस्त लागतात, आणि आपल्यानंतर कोण याचं उत्तर लेखी लागतं. या एका बाबतीत आत्यांचं म्हणणं भाच्याच्या कौतुकाहून जास्त खरं आहे.

मग आत्यांनी त्यांचा हुकमी मुद्दा काढला. "तुझ्या त्या चेन्नईतलाच नट. एम. जी. आर. त्याचं नाव का घेत नाहीस?"

मरुदूर गोपालन रामचंद्रन यांचा जन्म १९१७ चा, श्रीलंकेतला. वडील लवकर गेले. आई सत्यभामा मुलांना घेऊन भारतात आली आणि कुंभकोणमला उपासमारीत दिवस काढले. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. पोट भरायला पोरं नाटक कंपनीत गेली. हाच मुलगा पुढे तमिळ पडद्याचा सर्वांत लाडका नायक झाला आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री. १ जुलै १९८२ ला तिरुचिरापल्लीजवळच्या पाप्पाकुरिची गावात त्यांनी सकस मध्यान्ह भोजन योजना सुरू केली. आधी ग्रामीण भागातली लहान मुलं, काही महिन्यांत शहरं, पुढे मोठ्या वर्गांतली मुलं. लाखो मुलांना दररोज शिजवलेलं अन्न.

ही कल्पना त्यांनी हवेतून आणली नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खायला द्यायला सुरुवात केली होती. १९५० च्या दशकात मुख्यमंत्री कामराज यांनी दुपारचं जेवण गावोगावच्या शाळांत नेलं. कामराजही लहानपणीच शाळा सुटलेले. एम. जी. आर. यांनी या कामाला सबंध राज्याचा आवाका दिला. तिजोरी रिकामी होईल, लोकप्रियतेसाठी पैसा उधळला जातोय, अशी टीका त्या वेळी झाली. पण पुढे काय घडलं ते पाहा. १९८९ मध्ये सत्ता कट्टर विरोधकांकडे, करुणानिधींकडे गेली. त्यांनी योजना बंद तर केली नाहीच, उलट ताटात अंडं वाढवलं. सप्टेंबर २०२२ पासून स्टालिन सरकारने त्याच राज्यात प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली.

"विरोधकाने ताटात अंडं घातलं," आत्या म्हणाल्या, "यापेक्षा टिकाऊ काय असतं? तुझ्या अगरमला उद्या कुणी विरोधक अंडं घालणार आहे का?"

आणि मग त्यांनी स्वतःच्या शाळेतलं सांगितलं. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. पोरं तांदूळ वाटपाच्या दिवशी पिशव्या घेऊन यायची. घरी नेलेला तांदूळ सगळ्या घराने खायचा. मधल्या सुट्टीनंतर वर्ग निम्मे रिकामे दिसायचे, कारण उपाशी मूल घरी जायचं आणि परत यायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला. हळूहळू चुली पेटल्या, खिचडी आली.

"खिचडीत कधी अळ्या निघाल्या, कधी डाळ पाण्यासारखी असायची, मी भांडायची. पण दुपारी वर्ग भरलेला असायचा. मुली थांबायला लागल्या. त्या मद्रासच्या नटाने रेटून केलं नसतं तर देशाने हे किती उशिरा केलं असतं, सांग. आणि त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घातले नाहीत. आपल्या सगळ्यांच्या करातून केलं. तेच बरोबर आहे."

आत्यांच्या बोलण्यात हा भाग सर्वांत भरून आलेला होता आणि त्याला उत्तर देणं अवघड होतं. पण भाचा चेन्नईत राहून बरंच काही ऐकून-पाहून आलेला.

"आत्या, एम. जी. आर. ने स्वतःच्या मिळकतीचं काय केलं, ते ठाऊक आहे?"

१२ जानेवारी १९६७ ला सहकारी नट एम. आर. राधा यांनी एम. जी. आर. यांच्यावर गोळी झाडली. गोळी मानेत लागली. जीव वाचला, पण आवाज कायमचा बदलला. ज्याचं सगळं वैभव संवादांवर उभं, त्याच्या तोंडातून शब्द अस्पष्ट यायला लागले. लोकांनी तो आवाजही स्वीकारला. १९८४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि उरलंसुरलं बोलणंही अडखळायला लागलं. जानेवारी १९८७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. डिसेंबरात ते गेले. चेन्नईत रामावरमच्या त्यांच्या बागेच्या जागेत आज मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे. ती त्या मृत्युपत्रातून उभी राहिली.

"ज्याने सबंध राज्याला जेवू घातलं त्यालाही शेवटी वाटलं की काही मुलं राज्याच्या योजनेत मावत नाहीत," भाचा म्हणाला. "शंभर मुलांच्या वर्गात एक ऐकू न येणारं मूल. त्याच्यासाठी वेगळी शाळा, वेगळे शिक्षक. ते त्याने स्वतःच्या जागेतून केलं. दोन्ही केलं त्याने."

आत्यांनी हे ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं, "शाळा अजून चालू आहे?" चालू आहे, भाचा म्हणाला. इस्टेटीचे कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, पण मुलं शिकत राहिली.

यापुढचा वाद वैद्यकीय प्रवेशावर गेला, आणि तिथे दोघांचंही म्हणणं कसाला लागलं. नीट परीक्षा तमिळनाडूत लागू झाल्यावर सरकारी शाळेतून थेट एम.बी.बी.एस.ला जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली. सप्टेंबर २०२० मध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी तीन विद्यार्थ्यांनी जीव दिला. सूर्याने जाहीर निवेदन काढून या परीक्षेवर आणि महामारीत ती घ्यायला लावणाऱ्यांवर कडक शब्दांत टीका केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना त्यात न्यायालयाचा अवमान दिसला आणि त्यांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने कारवाई करायचं नाकारलं. देणगी देणारा नट सहसा सरकारला दुखवत नाही. सूर्याने दुखवलं, हे त्याच्या दानाइतकंच नोंदवून ठेवायला हवं. गरीब मुलाची फी भरून वर त्याच्या अडचणीच्या कारणांविषयी मौन पाळणं त्याने पत्करलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तमिळनाडूने कायदा केला: वैद्यकीय प्रवेशांत सरकारी शाळेच्या मुलांना साडेसात टक्के जागा. हा कायदा सूर्यामुळे झाला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. त्यामागे आयोगाचा अहवाल होता, अनेक वर्षांचं आंदोलन होतं. पण परिणाम थक्क करणारा. पहिल्याच वर्षी सरकारी शाळांतल्या ३०० हून अधिक मुलांना एम.बी.बी.एस.ची जागा मिळाली. त्यांची फीही राज्याने उचलली.

आत्यांनी मोबाइल भाच्याकडे परत केला. "बघ. तुझ्या अगरमने पंधरा वर्षांत ५१ डॉक्टर केले. कायद्याच्या एका कागदाने एका वर्षात ३०० जागा दिल्या."

"जागा दिल्या," भाचा म्हणाला. "डॉक्टर अजून व्हायचे होते. तमिळ माध्यमातून आलेलं पोर पहिल्या दिवशी शरीररचनेच्या वर्गात बसतं, सगळं इंग्रजीत. शेजारचा मुलगा डॉक्टरांच्या घरातला. पहिल्या चाचणीत नापास झालं की त्याला वाटतं, आपण इथले नाही. त्या रात्री ते कुणाला फोन करणार? सरकारकडे त्या फोनचं खातं नाही. अगरमच्या मुलाकडे निदान एक नंबर असतो."

"ते सरकारलाही करता येईल."

"येईल. करायलाच हवं. मुलींना महिन्याला हजार रुपये द्यायला त्यांनी २०२२ मध्ये सुरुवात केली, २०२४ पासून मुलांनाही. पण ते होईपर्यंत जे मूल आज अठरा वर्षांचं आहे त्याने थांबायचं का?"

आत्यांनी यावर आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सांगितलं. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आत्यांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. मुलगी इंजिनिअरिंगला लागली. पण खोलीचं डिपॉझिट, मेसचे महिन्याचे पैसे, लॅपटॉप आणि दिवाळीला घरी यायचं एसटीचं भाडं कुठल्याच निर्णयात नव्हतं. दुसऱ्या सत्रात ती परत यायची वेळ आली. गावातल्या चार शिक्षकांनी वर्गणी काढली तेव्हा ती राहिली.

"म्हणजे तूही एक अगरमच चालवलीस की," भाचा म्हणाला.

"एका मुलीपुरती. आणि पुढच्या वर्षी दुसरी आली तर आमच्याकडे ना यादी ना पैसे. म्हणून तर म्हणते, दान पुरत नाही."

"आणि मी म्हणतो, नुसता निर्णयही पुरत नाही."

महाराष्ट्रात या रिकाम्या जागेचं भान नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' याच जागेसाठी उभं केलं. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली. खेड्यातून आलेल्या मुलांना स्वस्तात राहायला-जेवायला मिळावं आणि त्या बदल्यात त्यांनी थोडं काम करावं, ही व्यवस्था आजही चालते आणि तिथून शिकून गेलेले लोक तिला पैसे देतात. एकाही सिनेनटाचा चेहरा तिला कधी लागला नाही. नट पुढे आले नाहीत असंही नाही. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' काढली, शेतकरी विधवांच्या दारात गेले, पाण्याची कामं केली. पण बारावीच्या निकालानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवून, घरी बसून चौकशी करून, पदवीपर्यंत मुलाचा हात न सोडणारी, सबंध राज्याला माहीत असलेली व्यवस्था मराठी नटमंडळींपैकी कुणाच्या नावावर नाही. ती व्हायला हवी. चेहरा असला तर पैसा आणि माणसं लवकर जमतात, हे अगरमने दाखवून दिलं आहे. फक्त पहिल्याच दिवशी चेहऱ्याला हे ठरवावं लागेल की आपण नसताना हे कोण चालवणार.

दोघांचं एकमत झालं नाही. दानाची जाहिरात झाली की सरकार सैल होतं, हा आत्यांचा आक्षेप शेवटपर्यंत तसाच राहिला. भाच्याच्या मते तमिळनाडूत नेमकं उलट घडलं. तिथे संस्था आणि सरकार दोघंही एकाच मुलाकडे बघत राहिले आणि एकमेकांना ढिलं पडू दिलं नाही. निघण्याच्या दिवशी आत्यांनी त्याला एक काम सांगितलं. "त्या घरभेटीला जातात तेव्हा काय काय विचारतात, त्याची यादी मला पाठव. मराठीत करून. माझ्या शाळेतून गेलेल्या बारावीच्या मुलांची नावं मी काढते."

यादी आली. अठरा प्रश्नांची होती. आत्यांनी त्यात एकोणिसावा घातला: घरापासून कॉलेजपर्यंत जायला रोज किती पैसे लागतात?

ज्या वाचकांच्या हाताशी गावातल्या शाळेची ओळख आहे, त्यांनी बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. कुठलं मूल हुशार आहे आणि कुणाच्या घरी पैसे नाहीत, हे वर्गशिक्षकाला जूनमध्येच ठाऊक असतं. त्याला जाऊन विचारा. मग त्या मुलाच्या घरी जा.